‘थांबू या’ म्हणणारा प्रवास

टेमघर म्हटले की महाराष्ट्रातील बहुतेकांच्या डोळ्यांपुढे मुळशीकडचे धरण उभे राहते. आमचे टेमघर वेगळे. भिवंडीचे, कल्याण रस्त्यावरचे. यंत्रमागांचा खडखडाट, गोदामांकडे निघालेल्या ट्रकांची रांग आणि मेट्रोच्या खांबांखालून वाट काढणारी माणसे हे आमचे नित्याचे दृश्य. अशा गावात राहणाऱ्याला रस्ता म्हणजे त्रास असेच वाटत आले, तर नवल नाही. परंतु ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा, ७६ किलोमीटरचा टप्पा खुला झाला आणि नागपूरहून निघालेला ७०१ किलोमीटरचा रस्ता थेट आमच्या भिवंडी तालुक्यात येऊन टेकला. तेव्हापासून दवाखान्यात एक नवाच प्रश्न ऐकू येऊ लागला आहे : “डॉक्टर, गाडी घेऊन जरा लांब जावे म्हणतो. जमेल का?”

हा प्रश्न विचारणारे बहुधा साठीच्या पुढचे असतात. मुले मार्गी लागलेली, हाताशी थोडा पैसा व थोडा वेळ, आणि सोबतीला रक्तदाब, मधुमेह किंवा कुरकुरणारे गुडघे. राज्य शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणल्यापासून झोपण्याची, स्वयंपाकाची आणि शौचाची सोय असलेली कॅम्पर व्हॅन मराठी घरांनाही परिचयाची होऊ लागली आहे. चालते-फिरते घरच ते. आपले अंथरूण, आपले अन्न, आपली औषधे सारे बरोबर. मग काळजी कसली, असे वाटते. काळजीचे कारण गाडीत नसते, गाडीत बसणाऱ्यांच्या एका जुन्या सवयीत असते. त्या सवयीविषयी आज लिहायचे आहे, आणि त्यासाठी टेमघरच्याच एका दांपत्याच्या प्रवासाचा आधार घेत आहे. दोघांच्या संमतीनेच हे लिहीत आहे. नावे अर्थातच देत नाही. आळीत सारे त्यांना काका-काकू म्हणतात, मीही तसेच म्हणेन.

काकांचे वय ६८. आयुष्यभर मालवाहतुकीचा टेम्पो चालवून त्यांनी संसार उभा केला. भिवंडीचे कापड त्यांनी सुरतेपासून इचलकरंजीपर्यंत पोहोचवले. चार वर्षांपूर्वी हृदयविकाराचा झटका आला आणि त्यांची अँजिओप्लास्टी झाली. काकू ६४ वर्षांच्या; जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. मधुमेह जुना, गेली पाच वर्षे इन्सुलिन चालू, उजव्या गुडघ्याची झीज. तीस वर्षे त्यांनी मुलांना जिजाऊंचे सिंदखेड राजा शिकवले, वेरूळचे कैलास लेणे फळ्यावर रेखाटून दाखवले. प्रत्यक्ष पाहिले मात्र यांतले काहीच नव्हते. काका गावोगाव हिंडले खरे, पण माल उतरवायचा आणि परत फिरायचे. वाटेतल्या एकाही देवळाच्या पायरीवर ते निवांत बसलेले नव्हते. एकाला सारे रस्ते ठाऊक, दुसरीला सारी ठिकाणे. दोघांनी मिळून पाहिलेले असे फारसे काही नव्हते.

ती दोघे यादी घेऊनच आली होती. लोनाड, सिन्नर, शिर्डी, वेरूळ, देवगिरी, अजिंठा, सिंदखेड राजा, लोणार, नागपूर, पेंच आणि ताडोबा, दिवस आठ. यादी वाचतानाच माझी छाती भरून आली. मी दोघांना आधी काकांच्या हृदयरोगतज्ज्ञांकडे पाठवले. गाडी चालवण्याची परवानगी त्यांनी तपासण्या पाहून द्यायची होती, ती मिळाली. काकूंच्या डोळ्यांच्या पडद्याची आणि तळपायांच्या संवेदनेची तपासणी करून घेतली, कारण मधुमेहात पायाला लागलेला खडा कळत नाही आणि लेण्यांमध्ये अनवाणी फिरण्याचा मोह होतो. मग मी तीन अटी घातल्या. पहिली, यादी निम्मी करावी आणि दिवस वाढवावेत. दुसरी, सूर्य मावळल्यावर व्हॅन जागची हलू नये. तिसरी अट ऐकून दोघेही हसले : ‘थांबू या’ असे दोघांपैकी कोणीही म्हटले, तर दुसऱ्याने ‘का’ असे विचारायचे नाही.

ही तिसरी अट सर्वांत अवघड होती. आपल्या घरांत एक वाक्य फार सहज बोलले जाते : “काही नाही हो, जरा बसले की बरे वाटेल.” आपल्यामुळे इतरांच्या आनंदाला विरजण पडू नये, ही त्यामागची भावना चांगलीच असते. घरात ती बहुधा निभावूनही जाते, कारण बसायला पलंग असतो आणि कोपऱ्यावर दवाखाना असतो. ताशी ८० किलोमीटरच्या वेगाने जाणाऱ्या गाडीत मात्र सोसण्याचा हाच गुण धोक्याचा ठरतो. चालवणारा थकवा लपवतो, शेजारी बसलेली तहान लपवते, आणि दोघेही एकमेकांसाठीच तसे करत असतात.

निघण्यापूर्वी त्यांनी एका रात्रीचा सराव केला, तो लोनाडला. भिवंडी तालुक्यातल्याच या गावाजवळच्या टेकडीत जुनी बौद्ध लेणी आहेत. भिंतीवर कोरलेला राजदरबाराचा शिल्पपट आजही पाहता येतो. गावात शिलाहारकालीन शिवमंदिराचे अवशेष आहेत. घरापासून इतक्या जवळ असूनही दोघांनी ते कधी पाहिले नव्हते. या एका रात्रीने बरेच शिकवले. व्हॅनमधला पलंग उंच होता, रात्री उतरताना काकूंच्या गुडघ्यावर ताण येई. म्हणून एक पक्का पाट बरोबर घेतला. गाडीतला छोटा फ्रिज रात्री बंद पडत होता. म्हणून इन्सुलिनसाठी मातीच्या गाडग्यांची जोडी घेतली. मोठ्या गाडग्यात ओली वाळू, त्यात लहान गाडगे, वर ओले फडके. पाणी उडून जाताना आतला गारवा टिकतो, इन्सुलिन तापत नाही आणि फ्रिजमध्ये कधी कधी गोठते तसे गोठतही नाही. वापरात असलेली इन्सुलिनची कुपी साधारण चार आठवडे सामान्य तापमानाला चालते, परंतु ते तापमान ३० अंशांच्या आतले हवे. उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत पहिल्या दहाच मिनिटांत पारा सुमारे दहा अंशांनी चढू शकतो. त्यामुळे औषधे गाडीत ठेवून देवदर्शनाला जायचे नाही, हा नियम थंडीच्या दिवसांतही पाळायचा.

हिवाळ्यातल्या एका सकाळी आमण्याहून व्हॅन समृद्धीवर चढली. काकूंनी एक वही केली होती. रोजचा रक्तदाब, साखर, पाण्याचे पेले, आणि शेवटी एक रकाना : ‘थांबलो’. परतल्यावर ती वही त्यांनी मला वाचायला दिली. पहिल्या दिवसाच्या नोंदीत पाण्याचे पेले दोन आणि थांबणे एकदा, तेही सिन्नरला ठरलेले म्हणूनच.

कसाऱ्याच्या डोंगरातला सुमारे आठ किलोमीटरचा बोगदा काकांनी मोठ्या कौतुकाने पार केला. ज्या घाटात त्यांचे तासन् तास गेले होते, तो काही मिनिटांत मागे पडला. रस्ता असा निर्वेध असला की थांबण्याची आठवणच होत नाही; आणि शरीराला नेमके हेच सोसत नाही. बसून राहिलेल्या पायांत रक्त साकळू लागते. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, चार तासांहून अधिक काळ एका जागी बसून केलेल्या प्रवासात पायाच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका सुमारे दुपटीने वाढतो, मग ते विमान असो, आगगाडी असो वा मोटार. मुळात हा धोका लहान असतो, घाबरून जाण्याचे कारण नाही. परंतु वय, स्थूलता, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया किंवा पूर्वी झालेली गुठळी यांनी तो वाढतो. उपाय अगदी साधा आहे. दर दीड-दोन तासांनी उतरून दहा-पंधरा मिनिटे चालावे, बसल्या जागी घोटे वरखाली करावेत आणि पाणी पुरेसे प्यावे. प्रवासात किंवा नंतरच्या काही आठवड्यांत एकाच पोटरीला सूज आली, ती दुखू लागली, किंवा अचानक धाप लागली, तर मात्र विनाविलंब डॉक्टर गाठावा.

पाण्याचा मुद्दा काकूंच्या वहीत वेगळाच उलगडतो. व्हॅनमध्ये शौचालय असूनही त्या पाणी पीत नव्हत्या. कारण विचारले तेव्हा त्यांनी सरळ सांगितले, “शाळेच्या नोकरीत सवयच लागली. शाळेत सोय नव्हती, एस. टी. त नव्हती. आता सोय आहे, पण थांबवा म्हणायला जीभ उचलत नाही.” महाराष्ट्रातल्या किती स्त्रियांची ही गोष्ट असेल! सोय नाही म्हणून पाणी टाळायचे, आणि मग मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठता, डोकेदुखी सोसायची. मधुमेही स्त्रीला हा संसर्ग अधिक लवकर गाठतो. कुणी रक्तदाबाची लघवी वाढवणारी गोळीच प्रवासात परस्पर बुडवतात. तसे करू नये, गोळीची वेळ बदलता येईल का ते डॉक्टरांना विचारावे. चालत्या व्हॅनमध्ये उठून शौचालयात जाणेही धोक्याचे, आणि द्रुतगती मार्गाच्या कडेला गाडी उभी करणे त्याहून धोक्याचे. म्हणून पुढचा अधिकृत थांबा किती अंतरावर आहे हे आधी पाहून ठेवणे आणि गरज निकडीची होण्यापूर्वी बोलणे, हाच मार्ग उरतो. दुसऱ्या दिवसापासून काकांनी दीड तासाचा गजर लावला. विचारायला नको, सांगायला नको. गजर झाला की पुढच्या थांब्यावर उतरायचे.

सिन्नरचे गोंदेश्वर मंदिर दोघांनी त्याच पहिल्या दिवशी पाहिले. यादवकाळातले हे शिवपंचायतन : मध्यभागी शिवाचे मुख्य मंदिर आणि चार कोपऱ्यांत पार्वती, गणेश, सूर्य व विष्णू यांची लहान मंदिरे. चौथरा प्रशस्त, चढण थोडी, गर्दी बेताची. गुडघेदुखी असलेल्यांनी अशी ठिकाणे आवर्जून निवडावीत. काका तेथे पायरीवर तासभर बसून राहिले. या रस्त्याने आपण किती वेळा गेलो याचा हिशेब ते करत होते, असे काकूंनी वहीत लिहिले आहे.

शिर्डीचा मुक्काम आटोपून ती दोघे वेरूळला पोहोचली. वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात आणि अजिंठ्याची सोमवारी, हे लक्षात ठेवून दिवस आखावे लागतात; अजिंठा त्यांनी आधीच यादीतून गाळला होता. वेरूळला ३४ लेणी आहेत : बौद्ध, हिंदू आणि जैन, सुमारे दोन किलोमीटरच्या कड्यात ओळीने खोदलेली. सारी पाहण्याच्या हट्टाने माणसे अर्धमेली होतात. काकूंनी एकच ठरवले होते, सोळावे. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, आठव्या शतकात, कळसापासून खाली खोदत आणलेले कैलास. त्यांनी फळ्यावर ते नेहमी समोरून काढले होते. येथे त्याला प्रदक्षिणा घालता येते, बाजूच्या कड्यावर चढून ते वरून पाहता येते, हे त्यांना चित्रांतून कधी उमगले नव्हते. त्या दोन तास फिरत राहिल्या.

सकाळचे इन्सुलिन घेतलेले, चालणे रोजच्या दुप्पट झालेले, आणि अकरा वाजताचे खाणे त्या विसरलेल्या. काकांनी काही विचारले तर त्या वेगळेच उत्तर देऊ लागल्या. कपाळावर घाम, हाताला कंप. तेव्हा काका म्हणाले, “थांबू या.” प्रवासात हा शब्द प्रथम उच्चारला गेला तो असा, दुसऱ्यासाठी. तपासली तर साखर ६२. तीन चमचे साखर पाण्यातून दिली, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासले, मग दशमी खायला दिली. हा क्रम प्रत्येक मधुमेही व्यक्तीच्या जोडीदाराला पाठ हवा. साखर उतरू लागली की सर्वांत आधी मेंदूला कमी पडते, त्यामुळे आपली साखर उतरते आहे हे त्या माणसाला स्वतःला कळेलच असे नाही. जवळच्या माणसाने ओळखावे लागते. मधुमेही व्यक्ती स्वतः गाडी चालवत असेल, तर निघण्यापूर्वी साखर तपासावी, आणि ती उतरून सावरल्यानंतरही पाऊण तास तरी स्टिअरिंगला हात लावू नये. शुद्ध हरपत असेल, तर तोंडात काही घालू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ही सेवा राज्यभर निःशुल्क आहे.

दुसऱ्या दिवशी देवगिरी. यादवांची ही राजधानी. १३२७ मध्ये महंमद तुघलकाने दिल्लीची राजधानी येथे हलवली आणि गावाचे दौलताबाद झाले. तट, चाँदमिनार, शंभरावर खांबांचे भारतमाता मंदिर येथवर वाट सपाट आहे. पुढे खंदक, त्यावरचा पूल, डोंगराच्या पोटातली अंधारी आणि मग शेकडो पायऱ्या. काका पुलापाशी आले आणि थांबले. छातीत दुखत नव्हते, धापही विशेष नव्हती. पण पायांत जडपणा जाणवत होता. “मी इथेच बसतो,” ते म्हणाले, “तू जाऊन ये.” काकूंनी कारण विचारले नाही. त्याही गेल्या नाहीत. पुलाशेजारच्या दगडावर दोघांनी मेतकूट-भात खाल्ला. हृदयविकार होऊन गेलेल्या व्यक्तीने चढण टाळावीच असे नाही. तज्ज्ञांनी सांगितलेल्या मर्यादेत चढणे हितावहच असते. पण छातीत, जबड्यात, डाव्या हातात अस्वस्थता वाटली, नेहमीपेक्षा अधिक दम लागला किंवा कारण नसताना घाम आला, तर तेथेच थांबावे आणि डॉक्टरांनी दिलेली जिभेखालची गोळी खिशात असावी, गाडीत ठेवलेली नव्हे. पाच मिनिटांत बरे वाटले नाही, तर वाट न पाहता रुग्णवाहिका बोलवावी.

किल्ल्यावर आणखी एक सावधगिरी माकडांची. हातात खाऊ दिसला की ती अंगावर येतात. चावले किंवा ओरखडले, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन रेबीजची लस सुरू करावी. हळद किंवा चुना लावून भागत नाही.

पाचव्या दिवसाचे पान या वहीतले सर्वांत महत्त्वाचे आहे. त्या दिवशी छत्रपती संभाजीनगरात दोघांनी प्रथमच बाहेर भरपेट जेवण केले आणि दुपारी दोनच्या सुमारास व्हॅन पुन्हा समृद्धीवर आली. सरळ रस्ता, एकसारखा आवाज, काचेतून येणारे ऊन. काकूंना वाटले, गाडी किंचित उजवीकडे सरकली. पांढऱ्या पट्टीवर चाक गेले आणि चटकन परत आले. काकांचे डोळे उघडेच होते. त्या म्हणाल्या, “अहो, थांबू या.” काकांच्या ओठांवर “कशाला?” आलेच होते. आयुष्यभर रात्री-अपरात्री टेम्पो हाकलेल्या माणसाला शेजारच्या जागेवरून थांब म्हटलेले रुचत नाही. पण शब्द दिलेला होता. जालन्याजवळ महामार्गावरून खाली उतरून एका हॉटेलाच्या आवारात त्यांनी गाडी लावली, आधी चहा घेतला आणि मग वीस मिनिटे आडवे झाले. आडवे होताक्षणी ते घोरू लागले, इतके ते थकलेले होते.

जे घडले त्याला निमिषनिद्रा म्हणता येईल. मेंदू दोन-चार सेकंद झोपी जातो, डोळे उघडे असले तरी समोरचे दिसत नाही, आणि माणसाला त्याची आठवणही राहत नाही. ताशी ८० किलोमीटरच्या वेगात गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. चार सेकंदांत जवळजवळ ९० मीटर. शरीराच्या घड्याळात झोपेच्या दोन ओहोटी असतात, एक मध्यरात्रीपासून पहाटेपर्यंतची आणि दुसरी दुपारी दोन ते चारची. वळणे, खड्डे आणि गर्दी यांनी जुन्या रस्त्यांवर चालक जागा राहत असे; सरळ द्रुतगती मार्गावर तेही नसते. १ जुलै २०२३ रोजी याच महामार्गावर सिंदखेड राजाजवळ एका खासगी बसला अपघात होऊन ती पेटली आणि २५ प्रवासी मृत्युमुखी पडले. कारणांविषयी मतभेद झाले. वेळ मात्र रात्री दीडच्या सुमाराची होती, हे विसरता येत नाही. खिडकी उघडणे, गाणी लावणे, तंबाखू चघळणे यांनी झोप टळत नाही, फक्त थोडी पुढे ढकलली जाते. काकांनी आधी चहा घेतला ते योग्यच झाले. त्यातल्या कॅफीनचा परिणाम व्हायला वीस-तीस मिनिटे लागतात, तोवर डुलकी पुरी होते आणि उठल्यावर दोन्हींचा लाभ मिळतो. जांभया, जड पापण्या, मागच्या काही किलोमीटरचा रस्ता न आठवणे, पट्टी ओलांडणे, यांतले एकही लक्षण दिसले की पुढच्या थांब्यावर उतरणे हाच एक उपाय.

त्या दिवशी संध्याकाळी ती दोघे सिंदखेड राजाला पोहोचली. १२ जानेवारी १५९८ हा जिजाऊंचा जन्मदिवस मानला जातो. लखुजी जाधवांच्या ज्या वाड्यात त्या जन्मल्या, त्याच्या दरवाज्यात काकू उभ्या राहिल्या तेव्हा वाडा बंद व्हायची वेळ झाली होती. दुपारच्या थांबण्यामुळे उशीर झाला होता. पूर्वीच्या काका-काकूंनी याचे खापर एकमेकांवर फोडले असते. या वेळी त्यांनी तेथेच मुक्काम वाढवला, सकाळी वाडा आणि लखुजींची समाधी सावकाश पाहिली, आणि नागपुरातला एक दिवस यादीतून काढून टाकला.

लोणारला काकूंनी पहिल्यांदा स्वतःसाठी ‘थांबू या’ म्हटले. बेसाल्टच्या खडकात अशनीच्या आघाताने झालेले हे सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर. त्यातले सरोवर खारे आणि अल्कधर्मी. जून २०२० मध्ये याचे पाणी गुलाबी झाले, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने क्षारप्रिय सूक्ष्मजीवांमुळे तसे झाल्याचा निष्कर्ष काढला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लोणारला रामसर पाणथळ म्हणून मान्यता मिळाली. काठावरून खाली कमळजा देवीच्या मंदिराकडे उतरणारी पायवाट आहे. गुडघ्याला चढण्यापेक्षा उतरणे जड जाते, कारण प्रत्येक पायरीला शरीराचे ओझे वाकलेल्या गुडघ्याने झेलावे लागते. शिवाय येथे दमल्यानंतरची चढण शेवटी येते. काकू वीस-पंचवीस पावले उतरल्या आणि वळल्या. मग दोघांनी काठावरूनच सरोवर पाहिले, गोमुखाची धार पाहिली आणि गावातले दैत्यसूदन मंदिर पाहिले. वहीत त्या दिवशी लिहिले आहे : “खाली गेलो नाही. वाईट वाटले नाही.”

शेवटचा मुक्काम पेंचचा. महाराष्ट्रातल्या पेंच व्याघ्रप्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातले पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली. कृत्रिम उजेड आटोक्यात ठेवून जेथे रात्रीचा काळोख जपला जातो असे हे वन. सिल्लारीजवळच्या एका पर्यटक निवासाच्या आवारात व्हॅन लावून ती दोघे तीन रात्री राहिली. सफारी एकच केली, वनविभागाच्या नोंदणीकृत जीपमधून. वाघ दिसला नाही. तारे मात्र इतके दिसले की काका बराच वेळ खुर्चीवरून उठलेच नाहीत. टेमघरला आमच्या रात्री मागांच्या आवाजाच्या आणि दिव्यांच्या. अंधार पडला की मेंदूत झोप आणणारे मेलाटोनिन वाढू लागते. उजेडाने, विशेषतः मोबाइलच्या पडद्याने, ते दबते. पेंचला नऊ वाजता दिवे मालवले जात, साडेनऊला दोघेही झोपत. तेथे काकूंना पहाटे चारला जाग येण्याचे थांबले आणि काकांचा सकाळचा रक्तदाब वहीत सलग तीन दिवस मर्यादेत दिसतो. तीन दिवसांवरून वैद्यकीय निष्कर्ष काढता येत नाही, परंतु घरी परतल्यावर शयनगृहात जाड पडदा लावायला आणि मोबाइल बाहेर ठेवायला तेवढे पुरले.

थंडीच्या रात्री व्हॅनमध्ये झोपणाऱ्यांना एक गोष्ट बजावून सांगायला हवी. शेगडी, कोळसा, गॅसची चूल किंवा जनित्र बंद गाडीत किंवा तिच्या लगत पेटते ठेवून कधीही झोपू नये, आणि वातानुकूलनासाठी इंजिनही चालू ठेवू नये. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नसतो, वास नसतो. झोपेतच माणूस दगावतो. स्वयंपाक खिडक्या उघडून किंवा बाहेर करावा, झोपताना सिलिंडरची कळ बंद करून झडप थोडी उघडी ठेवावी, आणि या वायूची सूचना देणारे छोटे यंत्र गाडीत बसवून घ्यावे. उबेसाठी आपली गोधडी पुरते.

परतीच्या प्रवासासाठी काकांनी स्वतःहून पुतण्याला रेल्वेने नागपूरला बोलावून घेतले. “किल्ली त्याच्या हाती दिली,” एवढेच त्यांनी मला सांगितले. पण चाळीस वर्षे स्टिअरिंग न सोडलेल्या माणसाच्या तोंडून ते ऐकताना मला फार बरे वाटले. अकरा दिवसांच्या वहीत ‘थांबलो’ या रकान्यात पहिल्या दिवशी एक, आणि शेवटच्या दिवशी सात असा आकडा आहे. पाहिलेली ठिकाणे यादीपेक्षा कमी. मूळ यादीत अकरा होती.

वाचकहो, अशा प्रवासाला निघण्यापूर्वी औषधे दोन वेगवेगळ्या पिशव्यांत निदान आठवडाभर जास्तीची ठेवा, त्यांची नावे व मात्रा मराठीत स्वच्छ लिहिलेला कागद प्रत्येकाच्या खिशात ठेवा, रोजच्या जेवणात लोणचे, पापड आणि फरसाण यांना आवर घाला, आणि घराजवळ एक रात्र सराव करा. हे सारे करता येण्यासारखे आहे, आणि बहुतेक जण ते करतातही. त्याच्या जोडीला एकमेकांना तो एक शब्द द्या. व्हॅन भाड्याने घ्यायची नसेल, लांब जायचेही नसेल, तरी तो द्या. संध्याकाळच्या फेरफटक्याला, बाजाराच्या पायऱ्यांवर, लग्नघरच्या धावपळीत आपल्या माणसाने ‘थांबू या’ म्हटले, तर कारण न विचारता थांबा. आणि आपल्याला तसे वाटले, तर दुसऱ्याचा आनंद मोडेल या भीतीने गप्प राहू नका. काका-काकूंचा कैलास पाहून झाला, सिंदखेड राजा पाहून झाले, आणि ताडोबा, अजिंठा अजून शिल्लक आहेत. पुढच्या हिवाळ्यात जाण्याइतकी दोघेही धडधाकट आहेत.